सुरी पाहावी निवडून

मध्यमवर्गीय माणसाचा धारदार वस्तूंशी संबंध तसा बेताचाच. विळी बायकोच्या ताब्यात, दाढीचं पातं पिंजऱ्यात आणि जीभ साहेबांपुढे कायमची म्यानात. बँकेत आमच्या हाती असलेलं सर्वांत घातक शस्त्र म्हणजे टाचणी, आणि तिनंही आजवर फक्त आमचंच रक्त काढलेलं आहे. अशा माणसानं लष्करी सुऱ्यांवर टीका लिहावी याचं तुम्हांला नवल वाटेल. पण म्हशीसाठी कर्ज मंजूर करणाऱ्यानं म्हैस पाळलेली असावी लागत नाही. कागद नीट वाचले आणि म्हैस एकदा डोळ्यांनी पाहिली की पुरतं.

निमित्त पुतण्याचं. यंदा तो डोंगर चढणाऱ्या मंडळींत सामील झाला. दोनदा राजमाची आणि एकदा हरिश्चंद्रगड झाल्यावर आपल्या कमरेला काहीतरी कमी आहे असं त्याच्या लक्षात आलं. "काका, मिलिटरीची सुरी पाहिजे. मिटणारा चाकू नको, अखंड पात्याची." परदेशातून येणारे एक स्नेही ती सामानातून आणणार होते आणि पैसे मी देणार होतो. योजनेतला माझा सहभाग इतका भरीव असल्यानं त्यानं दिलेली नावांची यादी मी कर्जाच्या अर्जांसारखी छाननीला घेतली.

मिटणारा चाकू नको, हे त्याचं म्हणणं मात्र रास्त होतं. मिटणाऱ्या चाकूला सांधा असतो, आणि सांधा म्हटला की कुरकुर आली. जोर लावताना तो बोटांवर मिटू शकतो. सरळ सुरीत हलणारा भागच नाही, त्यामुळे बिघडायला जागा कमी. आमच्या शाखेतली फक्त दगडी फरशी आजवर बिघडलेली नाही, ती याच कारणानं.

आता 'मिलिटरी' हा शब्द. या शब्दाला आपल्याकडे फार पत आहे. रस्त्याकडेचं घोंगडं 'मिलिटरीचं' म्हटलं की त्याची ऊब दुप्पट आणि किंमत तिप्पट होते. म्हणून मी तज्ज्ञाकडे गेलो. आमच्या शाखेचे सुरक्षारक्षक माजी सैनिक आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं काढून आलेले. त्यांना आम्ही हवालदारसाहेब म्हणतो, ते आम्हांला नुसतं साहेब म्हणतात. या हिशेबात कोणाकडे काय शिल्लक निघतं हे सगळ्या शाखेला ठाऊक आहे.

"हवालदारसाहेब, तुम्ही सुरीनं काय काय केलंत?"

"खोकी फोडली साहेब. दोर कापले, डबे उघडले, कांदे चिरले. तंबूच्या खुंट्या तासल्या."

"आणि शत्रू?"

"शत्रूसाठी सरकारनं बंदूक दिलेली होती की!"

मग त्यांनी उजवा हात पुढे केला. करंगळी आकड्यासारखी अर्धवट वळून राहिलेली. "ही पण सुरीचीच. डब्यात टोक खुपसायला गेलो, हात ओला, मुठीपुढं आडकाठी नव्हती. सुरी थांबली, हात पुढं गेला. आतली शीर तुटली. टाके पडले, पण बोट सरळ झालं नाही."

इतके दिवस हा हात मला सलाम करत होता आणि मी तो कधी पाहिलाच नव्हता. पुतण्याच्या यादीकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. यादीत प्रत्येक पात्याची लांबी होती. बोटांचा उल्लेख कुठंच नव्हता.

पहिला अर्ज फेअरबर्न-साइक्स खंजिराचा. फेअरबर्न आणि साइक्स हे दोघे शांघायच्या पोलिसांत काम केलेले इंग्रज. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी त्यांनी हा आखला आणि विल्किन्सन स्वोर्ड या कंपनीनं १९४१ मध्ये बनवायला घेतला. दिसायला देखणा: लांब, निमुळता, दोन्ही बाजूंनी धार. पण तो एकाच कामासाठी जन्मला आणि ते काम शिबिरात कोणी कोणाला सांगत नाही. पात्याच्या पाठीवर अंगठा ठेवून जोर लावावा, तर पाठच नाही, तिथंही धार. टोक इतकं नाजूक की डबा उघडताना मोडायची भीती. हा म्हणजे सुटाबुटातला असा उमेदवार की ज्याला पाणी आणायला सांगता येत नाही. अर्ज नामंजूर.

दुसरा अर्ज आला तो सिनेमातून. १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड' या चित्रपटासाठी जिमी लाइल या अमेरिकी कारागिरानं भल्या मोठ्या पात्याची सुरी केली. पाठीवर करवतीचे दात, मूठ पोकळ, मुठीत काड्या, सुई-दोरा, मासे पकडायची दोरी. लाइलची सुरी कसबी हातची होती, पण तिच्या पावलावर पाऊल टाकून ज्या स्वस्त नकला निघाल्या त्यांनी जगभरच्या पुतण्यांना नादी लावलं. दोष साधा आहे. चांगल्या सुरीचं पातं मुठीत खोलवर शिरलेलं असतं. दात जसा हिरडीत. मूठ पोकळ ठेवायची तर पात्याचं शेपूट तोकडं करावं लागतं. मग स्वस्त नकलेत लाकडावर चार घाव घातले की मूठ हातात आणि पातं झाडात. सुई-दोऱ्यासाठी सुरीची मुळं कापायची, हा व्यवहार वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षालाही पटणार नाही. सुई-दोरा खिशात राहतो.

तिसरा अर्जदार म्हणजे या क्षेत्रातला थोरला, का-बार. अमेरिकेच्या मरीन दलानं १९४२ मध्ये ही सुरी स्वीकारली. सात इंचांचं कार्बन पोलादाचं पातं आणि चामड्याच्या चकत्या एकमेकींवर दाबून केलेली मूठ. नावाची कथा कंपनीच सांगते ती अशी, की एका शिकाऱ्यानं पत्र लिहिलं, तुमच्या सुरीनं मी अस्वल मारलं. अक्षर असं दिव्य की 'किल अ बेअर'मधलं 'का बार' एवढंच लागलं. खरंखोटं अस्वल जाणे, पण गिचमिड अक्षरातून कंपनीचं नाव निघालं आणि आमच्याकडे त्याच अक्षरातून धनादेश परत जातो, एवढाच फरक.

का-बारच्या पात्यावर एक लांब खाच आहे. पुतण्याच्या मित्रांनी त्याला सांगितलं होतं की ती रक्त वाहून जाण्यासाठी असते. तसं काही नाही. खाचेमुळे पात्याचं वजन घटतं आणि ताठपणा फारसा घटत नाही. रक्ताची कथा मात्र खपाला बरी पडते. सुरी आहे भक्कम, हातात चांगली बसते आणि मुठीपुढे आडवी पट्टी आहे, हवालदारसाहेबांना नेमकी हवी होती ती. अडचण दोनच. कार्बन पोलादाला धार लवकर लागते, तसा गंजही लवकर लागतो. आणि चामडं! सह्याद्रीच्या पावसात चार महिने चामड्याचं काय होतं हे ज्यानं जुलैत कपाटातला पट्टा काढून पाहिला आहे त्याला सांगायला नको. पुसणारा, तेल लावणारा मालक असेल तर का-बार उत्तम. आमचा पुतण्या स्वतःची सायकलसुद्धा पुसत नाही.

तिचीच धाकटी बहीण म्हणजे अमेरिकी वैमानिकांची सुरी. पाच इंचांचं पातं, चामड्याची मूठ, मागं हातोडीसारखं चपटं डोकं आणि पाठीवर दात. हे दात पाहून लोक लाकूड कापायला जातात आणि घामाघूम होऊन परततात. ते दात लाकडासाठी नव्हेतच. विमान कोसळलं आणि वैमानिक आत अडकला तर विमानाचा पातळ पत्रा कापून त्याला बाहेर पडता यावं म्हणून ते दिलेले. ज्यानं विचार केला त्यानं नेमका केला. पण राजमाचीच्या वाटेवर विमानातून बाहेर पडण्याचा प्रसंग सहसा येत नाही. आपण एस.टी.तून उतरतो, आणि तिथं दार असतं. गर्दी फार असली तर खिडकी.

पुढचा ऑस्ट्रियाचा. ग्लॉक ७८. ग्लॉक म्हटलं की लोकांना पिस्तूल आठवतं. पण ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ते पिस्तूल घेतलं १९८२ मध्ये, सुरी त्याआधीची. साडेसहा इंचांच्या आसपास पातं. मूठ आणि म्यान दोन्ही प्लॅस्टिकचं. रूप शाळेतल्या चपट्या पट्टीसारखं. पण परीक्षकाला ही सुरी वाचत जावी तसतशी आवडू लागते. पोलाद मुद्दाम फार कडक ठेवलेलं नाही. आपले लोहार म्हणतात तसं पोलादाला 'पाणी' देताना जास्त दिलं तर धार टिकते पण पातं काचेसारखं तुटतं. बेतानं दिलं तर धार लवकर जाते पण पातं तुटण्याऐवजी वाकतं, आणि साध्या दगडावर पुन्हा धार लावता येते. सैनिकानं सुरीची पहार करणार हे या लोकांनी आधीच गृहीत धरलं. आडव्या पट्टीचं वरचं टोक पुढे वाकवलंय, ते बाटलीचं बूच काढायला. सैनिकाला खरोखर काय लागतं हे समजलेला माणूस त्या कारखान्यात होता.

उणीव एवढीच की पातं सुमारे पाच मिलिमीटर जाड. कांद्यावर ठेवली तर कांदा चिरत नाही, फुटतो. भाकरीबरोबर कांदा बुक्कीनं फोडून खाण्याची आपल्याकडे परंपरा आहे खरी, पण त्यासाठी ऑस्ट्रियापर्यंत जायची गरज नाही.

कुकरीचा अर्ज पुतण्यानं भक्तिभावानं जोडला होता. गोरखा पलटणींचं हे भूषण, तिच्याबद्दल वावगा शब्द नाही. पुढे झुकलेल्या पात्यामुळे वजन टोकाकडे जातं आणि घाव कुऱ्हाडीसारखा बसतो. मोठी फांदी तोडायची तर यादीत तिला जोड नाही. म्यानातच दोन छोटी पाती असतात: एक बारीक कामाला, दुसरं धार सावरायला. म्हणजे मोठ्या पात्यानं सगळी कामं होत नाहीत हे मूळच्या कारागिरांनीच कबूल केलेलं आहे. शिवाय आपल्याकडच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात, कुकरीचा तर त्यात नावानिशी उल्लेख आहे. घरकामाच्या आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. पण एस.टी. स्टँडवर फौजदारानं हटकल्यावर पुतण्यानं कुठली शेती दाखवायची? आमची शेती कुंडीत आहे.

तसंही घाव घालायच्या कामात सह्याद्रीला कोणाची उधारी नाही. गडाखालच्या गावातला माणूस कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडीत कोयता अडकवून हिंडतो. त्याला कोणी मिलिटरीचा म्हणत नाही, त्याची जाहिरात नाही, आणि फाटी तोडण्यापासून वाट साफ करण्यापर्यंत सगळं तो करतो. फांदीच तोडायची असेल तर त्या मामांना विचारावं. विचारल्यावर ते बहुधा सांगतात, "कशाला तोडता? वाळलेली पडलीत की खाली."

यादीत तळाशी, पेन्सिलीनं, एक नाव होतं: मोरा. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या. सुमारे चार इंचांचं पातं, जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास, रबरासारखी पकड देणारी मूठ, प्लॅस्टिकचं म्यान. स्वीडनच्या सैनिकांच्या हातात मोरा असते, पण तिच्या अंगावर लष्करी असं काही दिसत नाही. धारेचा उतार रुंद आणि सपाट, तो दगडावर आपोआप टेकतो. नवशिक्यालाही धार लावता येते. कांदा चिरते, दोर कापते, चुलीसाठी ढलप्या काढते. आडवी पट्टी तिला नाही, पण बऱ्याच मोरांच्या मुठीला बोटांपुढे उंचवटा असतो. पहार म्हणून वापरली तर मोडेल, कारण पातं मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही. किंमत बाकीच्यांपुढे इतकी कमी, की मला आधी टंकलेखनातली चूक वाटली.

"काका, पण ही दिसायला काहीच नाही," पुतण्या म्हणाला.

मला त्याचं दुःख कळत होतं. विसाव्या वर्षी माणूस सुरी विकत घेत नसतो. छाती विकत घेत असतो. पण छातीचं माप सुरीच्या इंचांत घेता येत नाही. मी त्याला शाखेत बोलावलं आणि हवालदारसाहेबांसमोर बसवलं. त्यांनी उपदेश केला नाही. फक्त हात पुढे केला आणि म्हणाले, "पोरा, मूठ वळ. आता माझी बघ." पोरानं स्वतःची मूठ दोनदा उघडून मिटली. यादी त्यानं घडी करून खिशात ठेवली.

अखेर निकाल असा. ओल्या हवेत, बेफिकीर हातात, ठोकाठोकीला लष्करीच सुरी हवी असेल त्यानं ग्लॉक घ्यावी. निगा राखण्याची हौस असेल त्यानं का-बार. चढायचं, रांधायचं आणि दहाही बोटं घेऊन घरी यायचं असेल त्यानं मोरा घ्यावी. कर्ज मोराला मंजूर करण्यात आलं. अटी पुढीलप्रमाणे: सुरी म्यानात राहील, कापताना पातं अंगापासून दूर जाईल, सुरी दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे असेल, आणि वाचलेल्या पैशांत मलमपट्टीची पेटी घेतली जाईल.

शेवटची अट सौ.नं घातली. परतफेडीचा पहिला हप्ता म्हणून कर्जदारानं रविवारी सकाळी पोह्यांचे कांदे त्याच सुरीनं बारीक चिरून द्यावेत. डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल. जामीनदार शेजारी मिरच्या चिरत बसलेला असेल.