चौथ्या पेरावरची खूण

शेजारच्या काकूंच्या गच्चीवर बारा इंची कुंडीत एक डेलिया आहे. गर्द किरमिजी, पाकळ्यांची टोकं पांढरी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची चार फुलं जवळजवळ एकाच वेळी उमलली आणि खालच्या मजल्यांवरची मंडळी मोबाइल घेऊन वर आली. फुलांचे फोटो निघाले, फुलांसोबत स्वतःचे निघाले, चहा झाला, गच्ची रिकामी झाली. मग मी पायरीवर बैठक मारली. डेलिया खालून वर वाचायची मला सवय आहे आणि असं वाचन गर्दीत होत नाही.

मातीपासून वीतभर अंतरावर, पानांच्या चौथ्या जोडीशी, मधलं खोड संपतं. त्या जागी वाटाण्याएवढा वाळलेला खळगा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांनी फांद्या निघाल्यात. त्याखालच्या पेरातून आणखी दोन. डेलियाची पानं समोरासमोर जोडीनं येतात, त्यामुळे फांद्याही जोडीनंच फुटतात. या चार फांद्यांची उंची एकसारखी आहे, जाडीही. चार फुलं एकदम का आली याचं उत्तर या खळग्यात आहे.

तो खळगा ऑक्टोबरमधला. नर्सरीतून आणलेलं रोप जेमतेम फूटभर झालं होतं, तजेलदार, सरळसोट. त्याच वेळी काकूंनी नखानं त्याचा शेंडा खुडला. माझ्या तोंडून नकळत हळहळ निघाली तेव्हा म्हणाल्या, "अरे, आत्ता मऊ आहे तोवर नखानं जमतं. उशीर केला की सुरी लागते, आणि मग झाडही रुसतं."

रुसतं म्हणजे काय, ते डेलियाचं खोड आडवं कापून बघितलं की समजतं. कोवळा शेंडा भरीव असतो, पण खालचं जून खोड पोकळ असतं, बोरूसारखं. पोकळ भागावर काप दिला तर वर उघडी नळी राहते, तीत पाणी साचतं आणि सड आत उतरते. हे झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ प्रदेशातलं. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या त्याच्या एका जुन्या नावाचा अर्थ पाण्याची नळी असा लावला जातो. पुढे बिया माद्रिदच्या शाही बागेत पोचल्या, १७९१ मध्ये काव्हानिलेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं आंदेर्श दाल या स्वीडिश अभ्यासकाच्या नावावरून झाडाला डेलिया म्हटलं, आणि तेच नाव जगभर रुळलं. दाल मोठा माणूस असेल, पण छाटणाऱ्याच्या उपयोगाचं नाव पहिलंच होतं.

आपल्याकडे छाटणी म्हटलं की द्राक्षं आठवतात. नाशिक-सांगलीकडचा बागायतदार एप्रिलात खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्याच्या कात्रीखाली पक्व काडी येते, आणि काडीवरचा कुठला डोळा राखायचा याचा हिशेब असतो. गुलाबाचंही साधारण तसंच. डेलियाच्या खोडाला मात्र लाकूडच नाही. चार-पाच महिन्यांत वाढून, फुलून, वाळून मोकळं होणारं हे झाड, त्यामुळे त्याची छाटणी चालू वाढीतच करावी लागते. वाक्य पुरतं व्हायच्या आत खोडायचं, तसं.

शेंडा खुडल्यावर बाजूचे डोळे जागे का होतात, यावर वनस्पतिशास्त्रानं बराच खल केलाय. १९३०च्या दशकात थिमन आणि स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे उडवून त्या जागी ऑक्सिन हे संप्रेरक लावलं. बाजूच्या कळ्या दबून राहिल्या. शेंडा वरून हुकूम सोडतो आणि खालचे गप्प बसतात, असं चित्र त्यातून उभं राहिलं आणि पुष्कळ वर्षं टिकलं. २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या एका संशोधनानं त्यात भर घातली: शेंडा साखर ओढून घेतो, तो गेला की साखर बाजूच्या कळ्यांकडे वळते, आणि त्यांना पहिली जाग येते ती या साखरेनं. हे वाचून मला काकूंच्या घरातली जुनी पंगत आठवली. थोरला जेवून उठल्याशिवाय धाकट्यांच्या ताटात काही पडायचं नाही.

आता थोडं वर जाऊ या. चारही फांद्यांवर पानांच्या बेचक्यांत बारीक तपकिरी ठिपके दिसतात. या काढलेल्या बगलफुटींच्या खुणा. इथे काकूंची शैली ओळखू येते. ठिपका मोहरीएवढा असेल तर फूट निघता निघताच अंगठ्यानं आडवी दाबून काढलेली असते. ठिपका लांबट आणि कडांनी फाटका असेल तर हात उशिरा पोचलेला असतो. दोन फांद्यांवर सगळे ठिपके मोहरीएवढे आहेत. गच्चीच्या कठड्याकडे वळलेल्या तिसऱ्या फांदीवर दोन लांबट जखमा आहेत, आणि त्यांच्या वरची दोन पेरं इतरांपेक्षा आखूड. डिसेंबरात काकू आठ दिवस लेकीकडे गेल्या होत्या, ते आठ दिवस या फांदीवर असे नोंदलेले आहेत. सर्वांत खालच्या दोन पेरांवरच्या फुटी मात्र पहिल्यापासूनच काढलेल्या, म्हणजे मातीजवळ हवा खेळती राहते आणि भुरीला तिथे ठाण मांडता येत नाही.

फुलाच्या खाली चार बोटांवर सर्वांत नाजूक काम आहे. डेलियाच्या फांदीच्या टोकाला कळ्या बहुधा तिघी येतात, मधली थोरली आणि दोन बाजूला दोन. बाजूच्या दोघी हरभऱ्याएवढ्या झाल्या की काढायच्या. मग मधलीला सगळं मिळतं, देठ लांब आणि ताठ होतो. सांगायला हे सोपं आहे. पण कळी हाताळताना मधलीच मोडली तर ती फांदी तेवढ्यापुरती संपली. म्हणून अनुभवी माणसं तिघींपैकी एक आधी काढतात, दुसरी दोन दिवसांनी, तोवर मधली सुखरूप आहे याची खात्री होते. काकूंच्या झाडावर फुलाखाली अशा दोन खुणा आहेत, एक जुनी करडी, एक नवी हिरवट. तीन देठांवर असं आहे. चौथ्यावर एकच खूण आहे आणि तिच्या समोरच्या बाजूला एक छोटी कळी अजून शाबूत.

ही कळी राहून गेली की राखली? मला वाटतं, राखली. मोठं फूल ओसरेल तोवर ती उमलेल आणि कुंडी एकदम ओकीबोकी होणार नाही. प्रदर्शनात भाग घेणारा माणूस हे कधी करणार नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात आपण जे ताटाएवढे डेलिया बघतो, त्यांच्या झाडांवर एक-दोन कळ्यांपलीकडे काही राहू दिलेलं नसतं. दहा इंचांहून मोठ्या फुलांचा अमेरिकेत वेगळा वर्गच आहे. त्या फुलांपुढे मीही तोंडात बोट घालतो. पण त्यांची छाटणी मला एकसुरी वाटते, सगळं एका उत्तरासाठी खोडलेलं. आणि हाच नियम काही लोक दोन इंची, गोट्यांसारख्या पॉम्पॉन जातींना लावतात, तेव्हा मात्र राग येतो. पॉम्पॉनची मजा घोळक्यात आहे. त्याच्या बाजूच्या कळ्या काढणं म्हणजे भावगीताला ख्यालासारखं पिळणं.

फेब्रुवारीत पहिली फुलं माना टाकू लागली. इथे नवशिक्याचा हमखास घोटाळा होतो: वाळत आलेलं फूल आणि न उमललेली कळी लांबून सारखीच दिसतात. खूण अशी की कळी गोल, चपटी, बटणासारखी आणि कडक. पाकळ्या गळालेलं बोंड टोकदार आणि बोटाला मऊ. पहिल्या वर्षी मी माझ्या कुंडीतल्या सात कळ्या ओसरलेली फुलं समजून मोठ्या शिस्तीत कापल्या होत्या. त्यावर बोलणं नको.

ओसरलेलं फूल काढतानाही काकू नुसतं डोकं उडवत नाहीत. देठासकट खाली पानांच्या जोडीपर्यंत येतात आणि तिच्या जरासा वर तिरपा काप देतात. डोक्याखालचा रिकामा दांडा ठेवला तर तो काळा पडतो आणि झाड विस्कटल्यासारखं दिसतं. फुलदाणीसाठी कापायचं असेल तर सकाळी, आणि फूल बरंचसं उमललेलं असताना. डेलियाची मिटलेली कळी पाण्यात ठेवून सहसा उमलत नाही, निशिगंधासारखी आशा तिच्याकडून धरू नये.

एक बोंड मात्र काकूंनी बियांसाठी ठेवलं. त्यातून काय येईल ते कुणालाच सांगता येत नाही. बागेतल्या डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण ६४, त्यामुळे लेक आईसारखी निघेलच असं नाही. किरमिजी-पांढरा डेलिया तसाच्या तसा हवा असेल तर कंद किंवा छाटकलमच हवं. ते त्यांच्याकडे आहेच: ऑक्टोबरात खुडलेला तो शेंडा त्यांनी टाकला नव्हता. वाळू भरलेल्या श्रीखंडाच्या डब्यात रोवला होता, दोन-तीन आठवड्यांत त्यानं मुळं धरली. आता तो पायऱ्यांजवळच्या लहान कुंडीत फुललाय, आईच्या मागोमाग महिनाभरानं, एकाच फुलानं.

मार्चअखेर ऊन वाढलं, पानं करपली. काकूंनी पाणी तोडलं आणि पानं-फांद्या पिवळ्या पडल्यावर मातीलगतचं थोडंसं खोड ठेवून सगळं कापलं. तो ऑक्टोबरातला खळगा, त्याच्या भोवतीच्या चार फांद्या, ठिपके, आठ दिवसांची सुट्टी, सगळं खताच्या पिंपात गेलं. कुंडीत फक्त पोकळ खुंट उरला. त्याच्या तळाशी कंदांच्या गळ्याजवळ पुढच्या हंगामाचे डोळे झोपलेले असतात.

कुंडी त्यांनी जिन्याच्या सावलीत सरकवली. वळवाचा पाऊस नळीत उतरू नये म्हणून खुंटावर नारळाची करवंटी उपडी घातली.