पोटातली नळी

पर्सिव्हरन्स रोव्हर फेब्रुवारी २०२१मध्ये मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरला. तेव्हापासून नासा त्याची गोष्ट हप्त्याहप्त्याने सांगते आहे: फोटो, व्हिडिओ, निवेदनं, पत्रकार परिषदा. मी दगडांच्या अभ्यासातली, त्यामुळे आधी आकडे बघते. पण ही गोष्ट सांगितली कशी जाते, हेही तपासायला हवं. कारण तिच्यात एक गफलत हळूच शिरली आहे.

तिच्यातला सगळ्यात चांगला हप्ता फसलेल्या प्रयोगाचा आहे. ऑगस्ट २०२१मध्ये रोव्हरने पहिल्यांदा दगडात ड्रिल घातलं. यंत्रांनी काम चोख झाल्याचं कळवलं आणि नळी मात्र रिकामी निघाली. दगड इतका ठिसूळ, की त्याचा भुगा झाला. नासाने ते झाकलं नाही. मंगळाची हवा तरी मिळाली, म्हणून ती नळीही बंद करून जपून ठेवली. पुढच्याच महिन्यात ‘रोशेट’ नावाच्या दगडातून पहिली खरी कांडी मिळाली.

त्या काळातली निवेदनं वाचली की काम कसं चालतं ते नीट कळतं. टायटॅनियमची नळी ड्रिलच्या टोकातच बसवलेली असते. ड्रिल फिरत आणि ठोकत आत जातं. १३ मिलिमीटर जाडीची, साधारण ६ सेंटिमीटर लांबीची, खडूसारखी कांडी थेट नळीत शिरते. मग रोव्हरच्या पोटातला एक छोटा हात ती नळी घेतो, मोजमाप होतं, फोटो निघतो, बूच दाबून बसवलं जातं. एकूण ४३ नळ्यांपैकी पाच तर दगडासाठी नाहीतच. पृथ्वीवरून आपल्याबरोबर कुठली घाण आली, याची साक्ष ठेवायला त्या आहेत. मला या सगळ्यात त्या पाचच जास्त आवडतात.

डिसेंबर २०२२पासून सूर बदलतो. ‘थ्री फोर्क्स’ या सपाट जागी रोव्हरने महिनाभरात दहा नळ्या, एकमेकींपासून ५ ते १५ मीटरवर, नागमोडी ओळीत जमिनीवर ठेवल्या. रोव्हर बंद पडला तर न्यायला काही असावं, म्हणून केलेली ही तरतूद. निर्णय योग्यच होता. पण दुसऱ्या जगावरचं पहिलं कोठार म्हणून त्याचं असं कौतुक झालं, की जणू मोहीम फत्ते झाली. गावी घर बांधून कुलूप लावून परत येणाऱ्या आपल्यासारख्यांना, असलेलं आणि हाती असलेलं यातला फरक वेगळा सांगायला नको.

जुलै २०२४मध्ये ‘चेयावा फॉल्स’ हा बिबट्यासारख्या ठिपक्यांचा दगड सापडला. त्यातून घेतलेल्या नमुन्याचं नाव ‘सफायर कॅन्यन’. सप्टेंबर २०२५मध्ये जोएल ह्युरोविट्झ आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. ठिपक्यांत व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट ही खनिजं असावीत. पृथ्वीवर ती सूक्ष्मजीवांमुळे बनतात, पण जीवांशिवायही बनू शकतात. निबंधाची भाषा जपून वापरलेली आहे: जीवसृष्टीची ‘संभाव्य’ खूण. पत्रकार परिषदेतली भाषा मात्र बरीच पुढे गेली. सोक्षमोक्ष लावायला गंधक आणि लोहाची समस्थानिकं मोजावी लागतील, पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घालावे लागतील. रोव्हरवर ती सोय नाही.

शिवाय हा नमुना थ्री फोर्क्सच्या दहांमध्ये नाही. तो त्यानंतर दीड वर्षाने घेतला गेला आणि रोव्हरच्या पोटात फिरतो आहे. ज्या विम्याचा एवढा गाजावाजा झाला, त्याच्या यादीत सगळ्यात मोलाची वस्तूच नाही. हे मथळ्यात यायला हवं होतं.

आणायचं कसं, याचं उत्तर तर दरवर्षी लांबतंय. एप्रिल २०२४मध्ये नासानेच सांगितलं, की आहे त्या आराखड्याने ११ अब्ज डॉलर लागतील आणि नमुने २०४०मध्ये येतील. मे २०२५मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ही योजना बंद करायचंच सुचवलं गेलं. त्यानंतर चार महिन्यांनी ती जोशातली पत्रकार परिषद झाली! दरम्यान चीनच्या चांग-ई ६ यानाने जून २०२४मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची सुमारे १,९३५ ग्रॅम माती घरी आणली. मंगळावरून नमुने आणण्यासाठी त्यांची ‘तिआनवेन ३’ मोहीम २०२८च्या सुमारास निघायची आहे.

ही गोष्ट सांगणाऱ्यांकडे माझी मागणी छोटी आहे. नव्या नळीचा फोटो द्याल, तेव्हा ती आणायची आज काय व्यवस्था आहे, ते खाली एका ओळीत लिहा. ‘सध्या काही नाही’ असं लिहावं लागलं, तरी लिहा.