खाणकामगारांचा वाचक

कार्टर वुडसन यांचे ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो’ हे १९३३ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक शिकलेल्या माणसाला अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना शाळा मिळाल्या नाहीत, एवढीच लेखकाची तक्रार असती तर ते केव्हाच मागे पडले असते. शाळा मिळाल्या, पदव्याही मिळाल्या. परंतु त्या शिक्षणानेच माणसाला आपल्या माणसांची लाज वाटू लागली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

वुडसन यांचा जन्म १८७५ साली व्हर्जिनियात झाला. आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले. तरुणपणी ते वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत राबले. तेथे ऑलिव्हर जोन्स या निरक्षर खाणकामगाराच्या घरी मजूर जमत आणि वुडसन त्यांना वृत्तपत्रे वाचून दाखवीत. विसाव्या वर्षी ते हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि १९१२ साली हार्वर्डचे डॉक्टर झाले; डू बॉइस यांच्यानंतर हा मान मिळवणारे दुसरे कृष्णवर्णीय. तरीही त्यांचे पहिले विद्यापीठ जोन्स यांचे घरच, असे मला वाटते. निरक्षर माणूस अज्ञानी नसतो, हे ते तेथे शिकले.

१९०३ ते १९०७ या काळात ते फिलिपाईन्समध्ये शिक्षक होते. अमेरिकन पाठ्यपुस्तकातील सफरचंदाचे झाड तेथील मुलांनी कधी पाहिलेले नव्हते. अध्यापनशास्त्र न शिकलेल्या एका माणसाने त्याऐवजी लोंबोयचे झाड घेतले (लोंबोय म्हणजे आपले जांभूळच!), वॉशिंग्टनऐवजी होसे रिझालची गोष्ट सांगितली, आणि मुले शिकू लागली. हा प्रसंग पुस्तकाचा गाभा आहे.

आम्हा सेमिनरीत घडलेल्यांना त्यांचे धर्मोपदेशकांवरील विवेचन अधिक झोंबते. ईश्वरविज्ञानाचे वाद शिकून आलेल्या पाळकांना समोरच्या श्रमिकांचे दुःख कळत नाही आणि बाके रिकामी राहतात, असे ते लिहितात. त्यांचा रोख प्रॉटेस्टंट मंडळ्यांकडे होता, म्हणून आपण सुटलो असे कोणी मानू नये.

पुस्तकात उणिवा आहेत. लेख व भाषणांतून ते सिद्ध झाल्याने पुनरुक्ती फार आहे. सुशिक्षितांवरील राग कधी सरसकट होतो. खेड्यापाड्यांतील शाळांत अल्प वेतनावर शिकवणाऱ्या असंख्य शिक्षिकांना त्यात न्याय मिळत नाही.

मात्र वुडसन स्वजनांची स्तुती मागत होते, हा आक्षेप टिकणारा नाही. १९१५ साली त्यांनी शिकागोत इतिहास-संशोधनाची संस्था स्थापली, पुढच्या वर्षी तिचे नियतकालिक काढले आणि १९२६ साली ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. १९७६ पासून त्याचा महिना झाला. याच संशोधकाने १९२४ साली, १८३० च्या जनगणनेच्या आधारे, स्वतः गुलाम बाळगणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांची यादीही नावानिशी छापली.