छापा, काटा आणि खोट

कथा-कवितांवर टीका करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा खाणारा प्रत्येक इसम हा टीकाकारच असतो. नाण्यावर मात्र कोणी टीका करीत नाही. नाणं हाती आलं की माणूस ते मुकाट्यानं खिशात घालतो. तक्रार असलीच तर कमी मिळाल्याची. आमची उभी हयात कॅश काउंटरच्या जाळीमागं गेली. नाणं वाचणं हाच आमचा वाङ्मयीन व्यासंग. तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या नाण्यांची समीक्षा करण्याचा अधिकार कॉमर्सच्या पदवीधराला नाही, तर काय मराठीच्या प्राध्यापकाला?

नाणी अर्थात आमची नव्हेत. आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी ती जमवली आहेत. अस्सल विलायती शिलिंग, फ्लोरिन, क्राऊन. कापसात गुंडाळून, पानाच्या डब्यातून त्यांनी ती एकदा आमच्या घरी दाखवायला आणली. "काळी पडलीत हो, जरा दंतमंजन लावून देऊ का?" असं आमच्या कुटुंबानं मोठ्या मायेनं विचारलं, तेव्हा त्यांनी डबा छातीशी धरला. जुनं नाणं घासायचं नसतं म्हणे. घासलं की काळेपणाबरोबर किंमतही उतरते. "चांदी काळी ठेवायची आणि त्याला छंद म्हणायचं!" हा घरचा अभिप्राय. तो आम्ही त्यांच्यापर्यंत पोचवला नाही.

आमची समीक्षेची कसोटी साधी आहे. मी कोणाचं, कधीचं आणि कितीचं, एवढं नाण्यानं सांगावं. बाकी कलाकुसर ही वरची कोशिंबीर.

या कसोटीवर १८४९ सालचा फ्लोरिन पहिल्या वर्गात पास होतो. दोन शिलिंगांचं हे नाणं. आपण पौंडाचा दहावा हिस्सा आहोत, हे त्यानं अंगावर अक्षरी लिहून घेतलं होतं, चेकवर लिहितात तसं. पण 'देवाच्या कृपेनं' या अर्थाचे नेहमीचे लॅटिन शब्द त्यावर नव्हते. लोक खवळले. 'निर्देव फ्लोरिन' असं त्याचं बारसं झालं. टांकसाळीचे प्रमुख रिचर्ड लेलर शील पडले कॅथलिक. साहजिकच संशय त्यांच्यावर. १८५१ पासून नवा फ्लोरिन निघाला. देव परत आला, पण सगळा मजकूर गॉथिक वळणाच्या अक्षरांत आणि साल रोमन आकड्यांत. देवाची सोय झाली, वाचणाऱ्याची गेली. आमचे सहकारी भिंग लावून ते साल वाचतात, तेव्हा पंचांगात मुहूर्त शोधत असल्यासारखे दिसतात.

पण खरा कहर १८८७ चा. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून नवी नाणी काढली. चित्र जोसेफ एडगर बोम या शिल्पकाराचं. राणीच्या डोक्यावर एवढासा मुकुट, मान हलवली तर घरंगळेल असा. लोक हसले. तेही आम्ही सोडून देऊ. सरकारी कामात मापं चुकायचीच. आमचा आक्षेप मागच्या बाजूला आहे. सहा पेन्सच्या नाण्यावर गार्टरच्या पट्ट्यात राजचिन्हाची ढाल कोरली आणि किंमत लिहायचीच राहिली! आकार जवळजवळ अर्ध्या सॉव्हरिनएवढा. तो सोन्याचा, दहा शिलिंगांचा. मग काय, चलाख मंडळींनी सहा पेन्सला सोन्याचा मुलामा दिला आणि दहा शिलिंग म्हणून खपवलं. मुलाम्याचा खर्च सोडला तर नफा शेकडा एकोणीसशे. एवढा दर आमच्या बी. कॉम.च्या कुठल्याही उदाहरणात नव्हता. अर्धा सॉव्हरिन चार ग्रॅमचा, हे पावणेतीनचं. सरावलेल्या हाताला फरक कळतो. पण गर्दीत हात सरावलेलाच असतो असं नाही. टांकसाळीनं त्याच वर्षी ते नाणं मागं घेतलं आणि जुन्या पद्धतीनं 'सहा पेन्स' अशी स्वच्छ अक्षरं घातली.

त्याच साली डबल फ्लोरिन नावाचं नवं प्रकरण निघालं. चार शिलिंगांचं, पण पाच शिलिंगांच्या क्राऊनहून जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरनं लहान. मागचं चित्र वेगळं, पण पुढं तीच राणी, तोच डगमगता मुकुट, आणि किंमत दोन्हींवर नाही. रात्री दारूच्या गुत्त्यात पेले भरणारी पोर घाईत चाराचं पाच म्हणून घ्यायची. म्हणून त्याला टोपणनाव पडलं 'बारमेडचा सत्यानाश'. संग्राहक हे नाव हसत हसत सांगतात. आम्हाला हसू येत नाही. गल्ल्यात एक शिलिंगाची खोट आली की ती कोण भरून देतं, हे काउंटरच्या आतल्या माणसाला विचारा. शिल्पकार भरीत नाही. राणीही नाही. १८९० नंतर ते नाणं पुन्हा पाडलं नाही. १८९३ मध्ये टॉमस ब्रॉकनं राणीला वय आणि पदर दोन्ही दिले, आणि क्राऊन वगळता मोठ्या नाण्यांवर किंमतही आली. तिच्या नावापुढं हिंदुस्थानच्या सम्राज्ञीपदाची अक्षरंही तेव्हाच लागली; आपल्या रुपयावर ती १८७७ मध्येच आली होती.

सहकाऱ्यांच्या डब्यात मुलामा दिलेलं एक सहा पेन्सही आहे. मागं घेतलेलं हे नाणं मुळात दुर्मीळ नाही. लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवल्यानं अजून भरपूर सापडतं. त्यात मुलामा म्हणजे संग्राहकांच्या लेखी नाण्याची खराबी. किंमत आणखी खाली. आम्हाला हे मुळीच पटत नाही. त्या नाण्यावरची सगळ्यात मार्मिक समीक्षा त्या अनामिक भामट्यानंच लिहिली आहे, आणि तीही सोन्याच्या शाईनं. टांकसाळीतल्या तज्ज्ञांना न दिसलेला दोष त्याला पहिल्या नजरेत दिसला. लबाड खरा, पण वाचक पक्का.

"हे मला द्याल का?" आम्ही विचारलं.

त्यांनी ते कापसातून काढून आमच्या हातावर ठेवलं. "घ्या," ते म्हणाले, "पण काउंटरवर नेऊ नका."