खराब सीडीत ऐकलेलं शूगेझ

2016 साली नॉटिंगहॅममधल्या ऑक्सफॅमच्या दुकानात, कुणीतरी देऊन टाकलेल्या जुन्यापुराण्या वस्तूंमध्ये, पांचिको नावाच्या बँडची एक सीडी सापडली. वर मांगा शैलीतलं मुलीचं चित्र, आत वादकांची नुसती पहिली नावं, साल 2000. शीर्षक ‘डेथमेटल’, पण त्या नावाच्या संगीताशी काडीचा संबंध नसलेलं. गाणी चारच, आणि तीही खरखरीत बुडालेली. ती ऐकून झपाटलेले श्रोते पुढची तीन-चार वर्षं या पोरांचा माग काढत राहिले. 2020 च्या सुरुवातीला गायक ओवाइन डेव्हिस सापडला, तेव्हा त्याला या सगळ्याची गंधवार्ताही नव्हती. शाळकरी वयातल्या मित्रांनी मिळून काढलेल्या त्या सीडीच्या जेमतेम तीसेक प्रती निघाल्या होत्या.

ही गोष्ट आता इतक्यांदा सांगून झाली आहे की गाणी मागेच पडतात. माझा मुद्दा गाण्यांचा आहे. पांचिकोला सर्रास शूगेझच्या, म्हणजे गिटारच्या गोंगाटात गळा बुडवणाऱ्या रॉकच्या, रांगेत बसवलं जातं. त्याला बँडइतकीच ती खराब सीडी जबाबदार आहे.

टेप जुनी होते तेव्हा आवाज मंद होतो, वरचे सूर झिजतात. सीडीचं तसं नसतं. तिचा चकचकीत थर खराब होऊ लागला की सुरुवातीला काहीच कळत नाही, कारण वाचता न आलेले तुकडे यंत्र हिशेबाने भरून काढतं. हिशेब हाताबाहेर गेला की मात्र एकदम करकर, तडतड सुरू होते. त्या सीडीतलं ‘लापुटा’ ऐकताना सगळ्या गाण्यावर वाळूची भिंत कोसळल्यासारखं वाटतं आणि डेव्हिसचा कोवळा आवाज तिच्याआडून येतो. शूगेझच्या श्रोत्याला अशा भिंतीमागच्या आवाजाची सवय असते. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या ‘लव्हलेस’ अल्बममध्ये (1991) गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा हातात धरूनच तारा छेडतो. त्यामुळे सूर सतत हलता राहतो आणि गाणारा गळा त्याच्याखाली दबतो. तो दाब मोजूनमापून घडवलेला आहे. पांचिकोच्या प्रतीवरचा अपघाताने आला.

पांचिकोच्या गाण्यांची साफ केलेली आवृत्ती 2020 मध्ये निघाली, तेव्हा फरक लख्ख दिसला. कीबोर्डच्या गोड ओळी, तुकडे जोडून बसवलेले ठेके, नव्वदीच्या अखेरच्या रेडिओहेडची दाट छाया. गाणी चांगलीच आहेत. शीर्षकगीताची चाल दिवसभर डोक्यातून जात नाही. पण ते शूगेझ फार तर कडेकडेने. तरीही अनेकांना खराब प्रतच प्रिय, आणि पुनर्प्रकाशनात ती रूपंही ठेवावी लागली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना आपण खरखर कानाआड करतो; इथे श्रोते खरखरीसाठीच कान देतात.

अशा जुन्या, हरवलेल्या ध्वनिमुद्रणांच्या ओढीमागे शूगेझ या शैलीचा इतिहासही आहे. ब्रिटनमध्ये तिची चलती फार थोडी टिकली. संगीत साप्ताहिकांनी आधी डोक्यावर घेतलं, मग तितक्याच जोमाने टिंगल केली. 1995 मध्ये ‘पिग्मेलियन’ हा अल्बम काढल्यावर क्रिएशन या रेकॉर्ड कंपनीने स्लोडाइव्ह या शूगेझ बँडला नारळ दिला. मूळ साठाच असा तुटपुंजा. नव्या श्रोत्यांची भूक मात्र मोठी, म्हणून कंपन्या जुने डेमो उपसू लागल्या. त्यात गाळ बराच आहे. डेमो आहे एवढ्यावर माना डोलावणं ही आजच्या समीक्षेची आळशी सवय झाली आहे.

ड्रॉप नाइन्टीन्सचं उदाहरण जास्त बोलकं. बोस्टनच्या या विद्यार्थी बँडचे सुरुवातीचे डेमो वर्षानुवर्षं चोरट्या प्रतींतून फिरत होते. 2025 मध्ये ते ‘1991’ या नावाने रीतसर निघाले. आवाज देखणा, धूसर, अगदी ब्रिटिश वळणाचा. पण याच पोरांनी 1992 चा ‘डेलावेअर’ करताना ती सामग्री बाजूला ठेवून नवी गाणी रचली, वर मॅडोनाचं ‘एंजल’ही गायलं. तो अल्बम ओबडधोबड आहे, मध्येच भरकटतो, पण त्यात दुसऱ्या कुणाची नक्कल नाही. बँडने जे मागे टाकलं तेच आज खजिना म्हणून विकलं जातं, कारण ते शूगेझच्या आजच्या साच्यात नेमकं बसतं. पोरांचा तेव्हाचा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो. नव्याने ऐकणाऱ्याने आधी ‘डेलावेअर’ लावावा, ‘1991’ त्यानंतर.