‘संबंधित’ म्हणजे कोण?

छोट्या शहरातली वृत्तपत्रं टिकतील का, असा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. आम्हाला त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारायचा आहे. आज जो अंक टिकून आहे, त्यातून आपल्या शहराबद्दल नक्की काय कळतं?

उदाहरणासाठी रत्नागिरी घेऊ. २०११ च्या जनगणनेत लाखाच्याही आत वस्ती असलेलं हे शहर. पण छापील शब्दाशी त्याचं नातं जुनं आहे. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे; ते गाव आज सिंधुदुर्गात आहे, पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होतं. टिळकांचा जन्म तर शहरातलाच. एकोणिसाव्या शतकात इथून ‘सत्यशोधक’ निघत होता. म्हणजे ‘लहान गाव आहे, चालायचंच’ असं म्हणायची सोय इथे नाही.

या शहराला शीळ धरणातून पाणी येतं. जलवाहिनी फुटली की बातमी येते. आता आम्ही एक नमुना वाचून दाखवतो. तो कुठल्या एका अंकातला नाही, पण तुमच्या लगेच ओळखीचा वाटेल. ‘जलवाहिनी फुटल्याने हजारो लिटर पाणी वाया गेले. नागरिकांतून तीव्र संताप व्यक्त होत आहे. संबंधित ठेकेदाराच्या दुर्लक्षामुळे हा प्रकार घडल्याची चर्चा असून, संबंधित विभागाने तातडीने लक्ष द्यावे, अशी मागणी जोर धरू लागली आहे.’

आता यात माणूस शोधा. संतापलं कोण? चर्चा कोणी केली? मागणी कोणाची? ठेकेदार कोण, त्याला काम कितीला दिलं होतं, ते कधी पूर्ण व्हायचं होतं? काही नाही. पाणी वाहून गेलं आणि मागे राहिला तो ‘संबंधित’.

त्याच पानावर खाली एका उद्घाटनाची बातमी असते. तिथे दीपप्रज्वलन कोणी केलं, स्वागत कोणी केलं, सूत्रसंचालन कोणाचं, आभार कोणी मानले, सगळी नावं पदांसकट. म्हणजे नावं छापायला जागा नाही, असं नाही हो! जिथे नाव घेतल्याने कोणी खूश होणार, तिथे ते छापलं जातं. जिथे कोणाला उत्तर द्यावं लागेल, तिथे ‘संबंधित’. आमच्या मते स्थानिक वृत्तपत्राचा दर्जा मोजायची ही सगळ्यात सोपी पट्टी आहे. छपाई, रंगीत पानं, शुद्धलेखन हे सगळं नंतर.

असं का होतं? बातमीदार भित्रा असतो म्हणून, एवढंच उत्तर देणं अन्यायाचं होईल. अंकाच्या काही रुपयांच्या किमतीत कागद, छपाई, वाहतूक आणि विक्रेत्याचं कमिशन भागत नाही. उरलेलं जाहिरातीतून यायचं. आणि छोट्या शहरात जाहिरात देणार कोण? बांधकाम व्यावसायिक, शिक्षणसंस्था, पतसंस्था, वाढदिवसाचा नेता आणि सरकारी कार्यालयं. ज्यांच्याबद्दल लिहायचं, तेच हे सगळे. त्यात तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं, जाहिरातीवर मात्र कमिशन. सकाळी ज्या दारात प्रश्न विचारायचा, त्याच दारात दुपारी विशेष पुरवणीसाठी उभं राहायचं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत ‘पेड न्यूज’चा गाजावाजा झाला तो मोठ्या वृत्तपत्रांमुळे. छोट्या शहरात त्याला इतकं मोठं नावही लागत नाही. तिथे त्याला ‘संबंध सांभाळणं’ म्हणतात.

भरीस भर म्हणजे २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत कित्येक वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. कारभार प्रशासकाकडे गेला. सर्वसाधारण सभाच नव्हती, तर विरोधी नगरसेवक उठून ठेकेदाराचं नाव घेणार होता कुठे? बातमीदाराला नाव मिळण्याची एक हक्काची जागा त्या काळात गेली होती.

आणि नाव घेण्याची किंमत काय असते, हेही याच जिल्ह्याने पाहिलं आहे. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे बारसूच्या नियोजित रिफायनरीबद्दल आणि तिथल्या जमिनींबद्दल सातत्याने लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची एक बातमी आली. त्यात ‘संबंधित’ नव्हता. माणसाचं नाव होतं. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला एका मोठ्या गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमीत ज्याचं नाव होतं, त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. ही घटना माहीत असताना वातानुकूलित सभागृहात बसून बातमीदारांना ‘धाडस करा’ असं सांगणं आम्हाला जमणार नाही.

पण दरवेळी धाडसच लागतं असंही नाही. बरीचशी नावं सार्वजनिक कागदावर असतात. निविदेची जाहिरात, कार्यादेश, कामाची मुदत, दिलेली मुदतवाढ. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. अडचण येतेच, पण हे काम एकट्या वार्ताहराच्या अंगावर न टाकता संपादकाने स्वतःच्या नावाने केलं, तर धोका वाटला जातो. तीच माहिती दोन-तीन वृत्तपत्रांनी एकाच दिवशी छापली, तर आणखी वाटला जातो. स्पर्धेच्या नावाखाली नेमकं हेच होत नाही.

आता टिकण्याचा प्रश्न. जलवाहिनी फुटल्याचा व्हिडिओ पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर येतो. दुसऱ्या दिवशी तेच, वर ‘संताप’ लावून छापलं, तर वाचकाने पैसे कशाला मोजावेत? फोन त्याला फुटलेला पाइप दाखवतो. पाइप घालण्याचा करार दाखवत नाही. विकण्यासारखं जे उरलं आहे ते एवढंच. म्हणून दर्जा ही पोट भरल्यावर करायची चैन, असं आम्ही मानत नाही. छोट्या वृत्तपत्राचा धंदा आता त्यावरच उभा राहू शकतो.

आणि आपलं काय? आपण वाचकही फार साळसूद नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या बातमीत आपलं नाव राहिलं, तर आपण त्याच सकाळी फोन करतो. ठेकेदाराचं नाव राहिलं म्हणून किती जणांनी फोन केला? उद्या अंक हातात आला की ‘संबंधित’ या शब्दाखाली पेनाने एक रेघ मारा आणि संपादकांना फोन करून विचारा : हे कोण? दहा जणांनी विचारलं, तरी छोट्या शहरात ते ऐकू जातं.

‘दर्पण’ साडेआठ वर्षांत बंद पडला. तरी सहा जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो, तो त्याच्याच नावाने. तेव्हा नुसतं टिकणं ही काही मोठी गोष्ट नाही. कशासाठी टिकायचं, ते आधी ठरलं पाहिजे.

आता प्रश्न घेऊ या.