एक ठरलेली चूक?

सिकलसेल शिकवताना विदर्भातल्या शिक्षकाला उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. वर्धा जिल्ह्यात अनेक घरांना हा आजार ठाऊक आहे; सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत त्यावर वर्षानुवर्षे काम झाले आहे. म्हणून २०१७ साली निघालेल्या नववीच्या विज्ञान पुस्तकात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ या पाठाने सिकलसेलला दिलेली जागा आम्हाला योग्यच वाटते. सहाव्या क्रमांकाच्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, हे मुलांना पटते. आमची तक्रार वेगळी आहे. या एकाच उदाहरणावर थांबले, तर ‘एक आजार, एक ठरलेली चूक’ असा साचा मुलांच्या डोक्यात पक्का बसतो.

यकृताचा विल्सन विकार या साच्यात बसत नाही. किनियर विल्सन यांनी १९१२ साली वर्णन केलेला हा दुर्मीळ विकार. यकृतातले जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकणारे एक प्रथिन त्यात निकामी होते. त्याचे जनुक, एटीपी७बी, तेराव्या गुणसूत्रावर १९९३ साली सापडले आणि त्यानंतर त्यात शेकडो निरनिराळी उत्परिवर्तने नोंदली गेली. युरोपातील रुग्णांत वारंवार दिसणारे उत्परिवर्तन भारतीय रुग्णांत क्वचितच आढळते.

असे का व्हावे? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले, तर या प्रथिनात १४६५. पण नुसती लांबी हे उत्तर नव्हे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या रेणूंना एकमेकांना चिकटण्याचा नवाच गुण येतो, तो नेमक्या त्या बदलामुळे. विल्सन विकारात असलेले काम बंद पडते. विहिरीवरचा मोटारपंप वायर जळून बंद पडतो, तसा फुटव्हॉल्व्ह बिघडूनही पडतो. पिकाला पाणी मिळत नाही ते नाहीच.

म्हणूनच आईकडून एक आणि वडिलांकडून दुसरेच उत्परिवर्तन आलेले मूलही आजारी पडते. फळ्यावरची चौकट चुकत नाही, चारांत एक ही शक्यता तीच राहते. मात्र दोन्हीकडे तेच अक्षर लिहून भागत नाही.

तांबे साचत जाते आणि लक्षणे बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात दिसू लागतात. कुणाला कावीळ होते. कुणाचा हात थरथरतो, अक्षर बिघडते, अभ्यास मागे पडतो. अशा मुलाला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे असते. जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामीन हे औषध पुढे आणले, नंतर जस्ताच्या गोळ्याही आल्या. औषध जन्मभर घ्यावे लागते, पण वेळेत सुरू केले तर यकृत वाचू शकते. तेव्हा ‘आनुवंशिक म्हणजे इलाज नाही’ हे वाक्य वर्गात नकोच.

रुग्णाची दोन्ही उत्परिवर्तने सापडली, तर भावंडांत तीच शोधता येतात. एकच नेहमीचे उत्परिवर्तन तपासून ‘नाही’ असे उत्तर आले, तर मात्र आजार नाही असे ठरत नाही. डॉक्टर २४ तासांच्या लघवीतले तांबे, रक्तातले सेरुलोप्लाझमिन आणि बुबुळाच्या कडेची तपकिरी-हिरवट कडीही पाहतात.